सलाईन उतरल्यावर जायचे कुठे? मराठवाड्याच्या आठ जिल्हाधिकाऱ्यांना आणि जिल्हा शल्यचिकित्सकांना खुले पत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी व मा. जिल्हा शल्यचिकित्सक,
छत्रपती संभाजीनगर, जालना, परभणी, हिंगोली, नांदेड, लातूर, धाराशिव, बीड

विषय: अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या सभांसाठी जागा, आणि रुग्णाला सभेपर्यंत पोचवण्याची व्यवस्था

महोदय / महोदया,

दारूमुळे दाखल झालेल्या माणसाला सरकारी दवाखान्यातून घरी सोडतात तेव्हा त्याच्या डिस्चार्ज कार्डावर बहुधा एकच ओळ असते: मद्यपान टाळावे. हे त्यालाही ठाऊक असते. आज संध्याकाळी सात वाजता हात थरथरायला लागले, जीव कासावीस झाला, तर कुठे जायचे आणि कुणाला फोन लावायचा, हे मात्र त्या कार्डावर नसते. तो गावी परततो. स्टँडवर उतरला की पहिली भेट जुन्या मित्रांची होते, आणि महिना-दोन महिन्यांत तोच माणूस पुन्हा आपल्याच वॉर्डात असतो.

आम्ही मराठवाड्यातले काही समुपदेशक, समाजकार्यकर्ते आणि दारूने पोळलेल्या घरांतली माणसे आहोत. हे पत्र अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या, म्हणजे ए.ए.च्या, वतीने नाही, आणि तसे ते असूही शकत नाही. 1935 साली अमेरिकेत अ‍ॅक्रन गावी सुरू झालेली ही दारू थांबवू इच्छिणाऱ्यांची, सभांत भेटून एकमेकांना आधार देणारी चळवळ ज्या बारा परंपरांवर चालते, त्यांत बाहेरच्यांकडून देणगी घ्यायची नाही, बाहेरच्या वादांवर मत द्यायचे नाही आणि वर्तमानपत्रात सदस्याचे नाव-छायाचित्र येऊ द्यायचे नाही, असे स्पष्ट आहे. म्हणून ही माणसे आपल्या दालनाबाहेर निवेदन घेऊन उभी राहत नाहीत, मोर्चा काढत नाहीत, निधी मागत नाहीत. आमची पहिली तक्रार इथूनच सुरू होते. जिथे निधी नाही तिथे फाइल नाही, आणि फाइल नाही म्हणून आपल्या लेखी हे काम अस्तित्वातच नाही. नशामुक्त भारत अभियानाच्या जिल्हा समितीचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. त्या समितीच्या बैठकीत रॅली, पोस्टर आणि शपथ यांचा आढावा होतो. आपल्या जिल्ह्यात आठवड्याला किती सभा भरतात, कुठे भरतात, हा प्रश्न एकदा विचारून पाहावा.

प्रश्न केवढा आहे तेही सांगायला हवे. एम्सने केलेल्या आणि 2019 साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार दारूवर अवलंबून असलेल्या दर 38 जणांपैकी एकालाच कुठला तरी उपचार मिळतो, आणि दाखल होऊन उपचार मिळणारा 180 मध्ये एक. राज्याची चार प्रादेशिक मनोरुग्णालये येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरीला आहेत. जमीन विकून, व्याजाने पैसे काढून पुण्याच्या मुक्तांगणसारख्या व्यसनमुक्ती केंद्रात जाणारे आपल्याकडे आहेत, पण ते थोडेच. बाकीच्यांसाठी जे आहे ते तालुक्याच्या, जिल्ह्याच्या गावातच आहे, आणि त्यातली सर्वांत स्वस्त गोष्ट म्हणजे ही सभा. फी नाही, फॉर्म नाही, आधार कार्ड नाही. सदस्य होण्यासाठी दारू थांबवण्याची इच्छा एवढीच अट.

सभेने खरेच काही होते का, असे आपल्यातले डॉक्टर विचारतील, आणि विचारायलाच हवे. मार्च 2020 मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेने 27 अभ्यासांचा, 10,565 रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. रुग्णाला पद्धतशीरपणे ए.ए.शी जोडून देणाऱ्या उपचारात वर्षाअखेर पूर्ण दारूमुक्त राहिलेले 42 टक्के होते. इतर मान्य उपचारपद्धतींत 35 टक्के. या वाक्यातले ‘जोडून देणे’ विसरू नये. 1981 साली अमेरिकेतल्या एका छोट्या प्रयोगात 20 रुग्ण होते. दहांना सभेचा पत्ता, वार आणि वेळ सांगून ‘जा’ म्हटले. उरलेल्या दहांच्या बाबतीत समुपदेशकाने त्यांच्यासमोरच ए.ए.च्या सदस्याला फोन लावला, सदस्य त्यांच्याशी बोलला आणि सभेला सोबत नेण्याचे ठरवले. पहिल्या दहांपैकी एकही गेला नाही. दुसरे दहाच्या दहा गेले. प्रयोग लहान आहे, पण वॉर्डात काम करणाऱ्या कुणालाही त्याचे नवल वाटणार नाही. नुसता पत्ता दिलेला माणूस दारापर्यंत येतो, आत दहा अनोळखी चेहरे दिसतात आणि परत फिरतो. दारात ओळखणारे कुणी उभे असेल तर तो आत जातो.

आपल्या दवाखान्यांत हे होत नाही, ही दुसरी तक्रार. समाजसेवा अधीक्षकाचे पद जिथे भरलेले आहे तिथे त्या माणसाकडे योजनांच्या कागदपत्रांचा ढीग असतो. ग्रामीण रुग्णालयात समुपदेशक ठरलेल्या वारी येतो, आणि रुग्ण सुटतो भलत्याच वारी. होते असे की कार्ड देणारी सिस्टर घाईत ‘आता पिऊ नका हं’ म्हणते आणि प्रकरण संपते. करायला हवे ते एवढेच: सुट्टी मिळण्याच्या आदल्या दिवशी, रुग्णाची, आणि त्याची हरकत नसेल तर घरच्यांचीही, उपस्थिती असताना, वॉर्डातल्या फोनवरून स्थानिक समूहाच्या संपर्क सदस्याला फोन लावावा. रुग्णाला स्वतः बोलू द्यावे. पहिल्या सभेचा वार, वेळ, इमारत, कोणते दार आणि दारात कोण भेटेल हे कार्डाच्या मागे लिहावे. आठवड्याने एक फोन करून ‘गेला होतात का’ एवढे विचारावे. दहा मिनिटांचे काम आहे.

त्याआधीची एक गोष्ट मात्र दवाखान्यानेच करायची आहे, सभा ती करू शकत नाही. रोज पिणाऱ्याने एकाएकी दारू बंद केली की सहा ते चोवीस तासांत थरथर, घाम, उलट्या सुरू होतात. फिट येण्याचा धोका पहिल्या दोन दिवसांत असतो आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भ्रम, बडबड, भास, तीव्र ताप अशी जिवावर बेतणारी अवस्था येऊ शकते. घरी खोलीत कोंडून ‘सुटेल आपोआप’ म्हणणारी कुटुंबे आजही आहेत. अशा रुग्णाला अपघात विभागातून ग्लुकोजची बाटली लावून परत पाठवणे धोक्याचे आहे: आधी थायमिनचे (बी-1 जीवनसत्त्वाचे) इंजेक्शन हवे, मग ग्लुकोज, आणि थरथर आवरणारी औषधे मोजून-मापून काही दिवस. घाटी (छत्रपती संभाजीनगर), अंबाजोगाई, लातूर आणि नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत मनोविकार विभाग आहेत. तालुक्याच्या रुग्णालयात त्यांचा फोन क्रमांक आणि औषधांचा साठा असला पाहिजे. सभेतले अनुभवी सदस्य नव्याची थरथर पाहून त्याला आधी दवाखान्यात नेतात. तिथे त्यांच्यावर ‘दारुड्याला इथे कशाला आणले’ म्हणून खेकसू नये, एवढी विनंती आहे.

आता तिसरी तक्रार, खोलीची. सगळ्यांत जास्त अडते ते इथेच.

ए.ए. समूहाला लागते ती दहा-वीस खुर्च्यांची खोली, दिवा, पंखा, पिण्याचे पाणी, स्वच्छतागृह आणि पुस्तके ठेवायला कुलपाचे एक कपाट. आठवड्यातून एक-दोनदा, दीड तास. शाळेचा वर्ग, चर्चचा हॉल, दवाखान्याची दुपारनंतर रिकामी होणारी ओपीडी, काहीही चालते. आणि मग काय होते? फेब्रुवारी-मार्चमध्ये दहावी-बारावीचे परीक्षा केंद्र येते, खोली बंद. निवडणूक आली, मतदान केंद्र, खोली बंद. उन्हाळ्याच्या सुट्टीत शिपाई गावी गेला, किल्ली त्याच्याकडे. नवे मुख्याध्यापक आले, ‘आमच्या शाळेत दारुडे नकोत’. सूचना मिळते ती दाराला लागलेल्या कुलपाची. जुने सदस्य एकमेकांना फोन करून चहाच्या टपरीवर तरी बसतात. नवा माणूस, जो हिंमत करून पहिल्यांदा आलेला असतो, तो कुलूप पाहून जातो आणि पुन्हा येत नाही.

शिवाय सरकारी खोल्या सुट्टीच्या दिवशी बंद असतात. पोळा, धुळवड, दिवाळी, 31 डिसेंबरची रात्र, मतदानाच्या आदल्या दोन रात्री: पिण्याचा आग्रह सगळ्यात जास्त तेव्हाच होतो. दवाखाने सुट्टीला बंद नसतात, तसे एवढ्या एका खोलीचेही ठेवावे.

म्हणून मागणी अशी. प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी आणि प्रत्येक उपजिल्हा रुग्णालयात तळमजल्यावरची एक खोली ठराविक वार-वेळेला लेखी आदेशाने राखून ठेवावी. किल्ली चोवीस तास ड्युटी असलेल्या ठिकाणी, म्हणजे अपघात विभागात किंवा सुरक्षारक्षकाकडे ठेवावी. जागा बदलावी लागली तर किमान पंधरा दिवस आधी सांगावे आणि जुन्या दारावर नव्या जागेचा कागद चिकटवावा. खोली फुकट देऊ नका. ए.ए.च्या सातव्या परंपरेप्रमाणे समूह आपला खर्च सदस्यांत फिरणाऱ्या पेटीतून स्वतः भागवतो. महिन्याला परवडेल असे नाममात्र भाडे घ्या आणि पावती द्या. पावती असली की उद्या येणाऱ्या साहेबाला खोली कुणाच्या मेहेरबानीवर चालते असे वाटणार नाही. पोलीस चौकीत किंवा उत्पादन शुल्क विभागाच्या आवारात मात्र खोली देऊ नये, तिथे कुणी पाय ठेवणार नाही. दारावर ‘ए.ए. सभा’ एवढी पाटी पुरे. ‘व्यसनी रुग्ण समुपदेशन कक्ष’ अशी ठळक अक्षरे नकोत.

उद्घाटनही नको.

हे विनोदाने लिहिलेले नाही. चौथी तक्रार फोटोची आहे. सरकारी कार्यक्रमाला जिओ-टॅग फोटो लागतो, उपस्थितीची सही लागते, लाभार्थ्यांची यादी लागते. कुणीतरी हौशी अधिकारी सभेत येतो आणि मोबाइल काढतो. त्या दिवसानंतर निम्मे लोक येत नाहीत. त्याहून वाईट म्हणजे 2 ते 8 ऑक्टोबरच्या व्यसनमुक्ती सप्ताहात एखाद्या ‘व्यसनमुक्त’ माणसाला व्यासपीठावर बोलावून शाल-श्रीफळ देणे आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात त्याचे नाव-गाव छापून आणणे. त्याच्या मुलीचे स्थळ मोडते, दुकानदार उधारी बंद करतो, आणि उद्या त्याची स्लिप झाली, म्हणजे पुन्हा प्यायला, तर अख्खा तालुका हसतो. मग सभेत परत यायलाही तो लाजतो. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 च्या व्याख्येत दारूच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्था धरल्या आहेत. कलम 23 रुग्णाच्या माहितीची गोपनीयता सांगते. कलम 24 प्रमाणे उपचार घेणाऱ्याचे छायाचित्र त्याच्या संमतीशिवाय माध्यमांना देता येत नाही. आपल्या कार्यालयाला आकडा हवाच असेल तर समूहाने तोंडी सांगितलेली संख्या लिहा. नावे मागू नका.

अंतराचा प्रश्न वेगळाच. सभा बहुधा संध्याकाळी सात ते साडेआठ, जिल्ह्याच्या गावी. शेवटची एसटी तोवर गेलेली असते. किनवटच्या माणसाने नांदेडची सभा गाठून रात्री घरी परतायचे कसे? तालुक्याच्या ठिकाणी आठवडी बाजाराच्या दिवशी दुपारी दोन ते साडेतीन खोली उघडी मिळाली तर आसपासच्या गावांतला माणूस पिशवी घेऊन बाजाराला म्हणून येईल, सभा करून जाईल, आणि गावात कुणाला कारण सांगावे लागणार नाही. (बाजाराच्या दिवशी देशीच्या दुकानासमोरची रांगही तितकीच लांब असते, हेही आहेच.) वेळ समूहच ठरवेल, तो त्यांचा अधिकार आहे, आपण फक्त खोली त्या वेळेला मोकळी ठेवा. नवा समूह काढायला आपली परवानगी लागत नाही. दारू थांबवू इच्छिणारी दोन-तीन माणसे एकत्र बसली की समूह होतो.

सभांची यादी करताना जिल्ह्याची हद्द मधे आणू नये. आष्टीच्या माणसाला बीडपेक्षा अहिल्यानगर जवळ पडते, परंड्याच्या माणसाला धाराशिवपेक्षा बार्शी. यादी महिन्यातून एकदा फोन करून तपासावी आणि ‘तपासल्याचा दिनांक’ तिच्यावर छापावा, कारण जुन्या यादीमुळे यादी नसण्यापेक्षा जास्त नुकसान होते. ती एसटी स्टँडवर, अपघात विभागात, आशाताईंच्या डायरीत आणि 14446 (व्यसनमुक्ती) व 14416 (मानसिक आरोग्य) या हेल्पलाइनवर बोलणाऱ्यांच्या समोर असावी. आज स्टँडच्या भिंतीवर काय असते? ‘न सांगता दारू सोडवा’. या जाहिरातींना भुलून बायका जेवणात पावडर कालवतात. त्यात डायसल्फिराम, म्हणजे दारूशी तीव्र प्रतिक्रिया होणारे औषध, असेल आणि हे माहीत नसलेला माणूस वर दारू प्यायला, तर त्याचा रक्तदाब घसरून जीव जाऊ शकतो, आणि गोळी थांबवल्यावरही तिचा परिणाम दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. ते औषध रुग्णाच्या संमतीने, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायचे असते. भिंती आपल्या अखत्यारीत आहेत. त्या जाहिराती पुसा आणि तिथे सभेचा पत्ता लिहा.

ऊसतोड कामगारांना तर कुणी हिशेबातच धरत नाही. बीड, धाराशिव, जालना, परभणीतून दसऱ्यानंतर टोळ्या निघतात त्या थेट मार्च-एप्रिलला परततात. सप्टेंबरमध्ये सुटलेला रुग्ण ऑक्टोबरमध्ये सांगली-कोल्हापूरच्या फडात असतो. पहाटे तोडणी, रात्री गाडी भरणे, अंग ठणकले की घोट. त्याच्या कार्डावर बीडची सभा लिहून काय उपयोग? सुट्टी देताना ‘हंगामाला कुठे जाणार’ हे विचारावे आणि त्या कारखान्याजवळच्या सभेचा किंवा ऑनलाइन मराठी सभेचा तपशील द्यावा. ऑनलाइन सभेला कॅमेरा बंद ठेवून, इअरफोन लावून, पूर्ण नाव न टाकता बसता येते. डेटाही कमी लागतो. हे कुणीतरी त्याच्या मोबाइलवर एकदा करून दाखवायला हवे.

स्त्रिया. पिणाऱ्या स्त्रिया आपल्याकडे नाहीतच, असे समजून सगळे चालते. त्या स्त्रीरोग ओपीडीत येतात, पोटदुखी सांगतात. रात्री आठ वाजता वीस पुरुषांच्या खोलीत त्या बसणार नाहीत. महिलांच्या ओपीडीशेजारची खोली दुपारी उपलब्ध करा, स्त्री समुपदेशकाकडे महिलांच्या ऑनलाइन सभेची माहिती ठेवा. पिणाऱ्याच्या बायको-आईवडिलांसाठी 1951 पासून अल-अनॉन ही वेगळी चळवळ आहे. तिथे जायला घरातल्याने दारू सोडलेली असावी लागत नाही. तिच्यासाठीही तीच खोली, वेगळ्या वारी.

वाचकांपैकी कुणाला आजच सभा शोधायची असेल तर त्याने आमच्या मागण्या मान्य होण्याची वाट पाहू नये. ए.ए.चे भारताचे मध्यवर्ती कार्यालय मुंबईत आहे, त्यांच्या संकेतस्थळावरून आपल्या भागातला संपर्क मिळतो. जाण्याआधी फोन करून विचारा: सभा अजून तिथेच भरते का, खुली आहे की बंद (बंद सभेत फक्त दारू थांबवू इच्छिणारे, खुल्या सभेत कुणीही बसू शकते), मराठीत चालते की हिंदीत, कोणते दार, आणि कुणी बाहेर थांबेल का. पंधरा मिनिटे आधी जा. नुसते नाव सांगितले तरी चालते, आडनाव कुणी विचारणार नाही. ‘आज फक्त ऐकतो’ म्हणायला मोकळीक असते. पेटी फिरेल, नव्याने त्यात काही टाकायची गरज नाही. त्या दिवशी पिऊन गेलात तरी बहुधा बसू देतात, गडबड केली नाही तर. बोलायला मात्र लावत नाहीत. निघताना दोन-तीन जणांचे फोन क्रमांक घ्या आणि त्याच रात्री एकाला फोन करा, म्हणजे पुढचा फोन अवघड वाटत नाही. पहिल्या सभेत करमले नाही तर दुसऱ्या समूहात जाऊन पाहा, प्रत्येक समूहाची रीत निराळी असते. स्पॉन्सर, म्हणजे नव्याला वाट दाखवणारा जुना सदस्य, धरायचा तर काही काळ दारूपासून दूर असलेला आणि आपल्याच लिंगाचा. आणि ए.ए.च्या नावाने कुणी महिन्याची फी मागत असेल, माणसाला कोंडून ठेवत असेल, तर ती ए.ए. नव्हे.

महोदय, यातल्या एकाही मागणीला नवे पद, नवी इमारत किंवा विधानसभेचा ठराव लागत नाही. खोलीचा आदेश जिल्हाधिकारी काढू शकतात. डिस्चार्जच्या आदल्या दिवशीचा फोन आणि कार्डाची मागची बाजू जिल्हा शल्यचिकित्सकांच्या एका परिपत्रकाने होते. येत्या 2 ऑक्टोबरच्या सप्ताहात रॅली निघेल तेव्हा निघो. त्याआधी आपल्या जिल्ह्यातल्या सभांची तपासलेली यादी आणि खोल्यांचे आदेश जाहीर करावेत. ज्या जिल्ह्याला काही अडचण असेल त्याने ती लेखी कळवावी, आम्ही बसून मार्ग काढू.

कळावे,

मराठवाड्यातील काही समुपदेशक, समाजकार्यकर्ते आणि कुटुंबीय